लखनौचे अठरा: ज्युनिअर विश्वविजेते पुढे कुठे पोचले

२०१३ च्या डिसेंबरात दिल्लीत पुरुषांचा ज्युनिअर हॉकी विश्वचषक झाला. घरच्या मैदानावर भारत दहावा आला. कर्णधार होता मनप्रीत सिंग. तीन वर्षांनी हीच स्पर्धा लखनौला झाली आणि भारताने ती जिंकली. कर्णधार होता हरजीत सिंग. पुढे ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ असं हरवलं आणि एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक हॉकीचं पदक देशात आलं. त्या दिवशी कर्णधार मनप्रीत होता. हरजीत संघात नव्हता, राखीव खेळाडूंतही नव्हता.

दहाव्या आलेल्या संघाचा कप्तान ऑलिंपिकच्या व्यासपीठावर चढला, आणि जगज्जेत्या संघाचा कप्तान पंचविशीतच राष्ट्रीय संघाच्या चर्चेतून बाहेर गेला. हॉकीच्या वर्तुळात यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘त्याच्यावर अन्याय झाला’. दुसरं, ‘यश डोक्यात गेलं असेल’. दोन्ही मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि दोन्ही मला पटत नाहीत. लखनौच्या संघात अठरा खेळाडू होते. त्या सगळ्यांचा पुढचा प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहिला तर वेगळंच काही दिसतं. एकविशीच्या आतल्या पोराबद्दल आपण जे अंदाज बांधतो, ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नावर उभे असतात.

लखनौ, डिसेंबर २०१६

भारताने याआधी ज्युनिअर विश्वचषक एकदाच जिंकला होता, २००१ मध्ये होबार्टला. त्यामुळे लखनौत पंधरा वर्षांची भूक होती. प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांचं स्वतःचंही जुनं देणं होतं. २००५ मध्ये रॉटरडॅमला त्यांच्याच संघाचं कांस्यपदक स्पेनविरुद्ध पेनल्टी स्ट्रोकवर हुकलं होतं. लखनौच्या संघाची बांधणी त्यांनी शांतपणे केली होती. आदल्या वर्षी क्वांतानला ज्युनिअर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात याच पिढीने पाकिस्तानला ६-२ असं लोळवलं, त्यात चार गोल एकट्या हरमनप्रीत सिंगचे होते.

लखनौत गट सहज पार झाला. उपांत्यपूर्व सामन्यात स्पेनने आधी गोल केला, भारताने शेवटच्या टप्प्यात सामना २-१ असा फिरवला. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाशी २-२ अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये गोलरक्षक विकास दहिया भिंतीसारखा उभा राहिला. ४-२. त्याने अडवलेले दोन फटके त्या रात्री देशभर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग यांनी पूर्वार्धातच गोल केले. बेल्जियमचा एकमेव गोल सत्तराव्या मिनिटाला आला.

सत्तरावं मिनिट हा तपशील महत्त्वाचा आहे. ती स्पर्धा पस्तीस मिनिटांच्या दोन अर्धांत खेळली गेली. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय हॉकी तोवर पंधरा मिनिटांच्या चार सत्रांवर गेली होती. कागदावर दहा मिनिटं कमी, पण मैदानावर वेग कितीतरी जास्त. सतत अदलाबदल, दर काही मिनिटांनी ताज्या पायांचा प्रतिस्पर्धी समोर. ज्युनिअर गटात जो सामना हळूहळू हातात घेतो, लय पकडून मग खेळ उघडतो, त्याला वरच्या पातळीवर लय पकडायला वेळच मिळत नाही. मधल्या फळीतल्या खेळाडूंना ही गोष्ट सगळ्यात जास्त जाणवते.

हिशेब

आता अठरा जणांचं काय झालं ते पाहू. टोकियोच्या पदकविजेत्या संघात त्यातले सात जण होते: हरमनप्रीत सिंग, मनदीप सिंग, गुरजंत सिंग, सिमरनजीत सिंग, नीलकांत शर्मा, सुमित आणि वरुण कुमार. आठवा, गोलरक्षक कृष्ण पाठक, राखीव म्हणून गेला होता. त्याला पदक मिळालं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने पुन्हा कांस्य जिंकलं, तेव्हा सात जणांतले चार उरले होते: हरमनप्रीत, मनदीप, गुरजंत, सुमित. नीलकांत आणि पाठक राखीव होते.

दीपसन तिर्कीचं नाव मधल्या रकान्यात घालावं लागतं. लखनौत तो उपकर्णधार होता. २०१७ चा आशिया चषक जिंकणाऱ्या वरिष्ठ संघात तो होता, २०२२ च्या आशिया चषकातही खेळला आणि इंडोनेशियाविरुद्धच्या १६-० च्या विजयात त्याने पाच गोल केले. तरी विश्वचषक किंवा ऑलिंपिक त्याच्या वाट्याला आलं नाही. बचावफळीतला गुरिंदर सिंगही अधूनमधून वरिष्ठ संघात दिसत राहिला. बाकीच्यांपैकी काहींना एखाददुसरी मालिका मिळाली, काहींना तेवढीही नाही. त्यांची नावं आज विचारली तर हॉकी मन लावून पाहणाऱ्यालाही थांबून आठवावं लागेल.

अठरातले सात म्हणजे चाळीस टक्क्यांच्या जवळपास. मला हा आकडा चांगला वाटतो, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण या संघाबद्दल ‘अर्ध्याहून जास्त पोरं वाया गेली’ असं बोललं जातं. वरिष्ठ संघात जागा असतात सोळा-अठरा. त्या जागांवर आधीच पंचवीस-तीस वर्षांचे तयार खेळाडू बसलेले असतात, आणि मागून दर दोन वर्षांनी नवी तुकडी येते. एकाच ज्युनिअर संघातले सात जण पाच वर्षांत ऑलिंपिक पदकापर्यंत गेले, हे त्या पिढीच्या आणि हरेंद्र यांच्या कामाचं मोठं यश आहे. अंतिम सामन्यात हरलेल्या बेल्जियमच्या संघातही आर्थर द स्लोव्हर आणि व्हिक्टर वेग्नेझ होते, आणि दोघांनी पुढे २०१८ चा विश्वचषक आणि टोकियोचं सुवर्ण जिंकलं. म्हणजे लखनौची पातळी खरीच होती.

प्रश्न आहे तो हे सात कोण ठरले याचा. २०१६ च्या डिसेंबरात कुणाला सात नावांची चिठ्ठी लिहायला सांगितली असती, तर मनदीप आणि हरमनप्रीत ही दोन नावं सगळ्यांनी लिहिली असती. मनदीप २०१३ पासून वरिष्ठ संघात येत-जात होता. हरमनप्रीत त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळून आला होता. तिसरं नाव बहुतेकांनी हरजीतचं लिहिलं असतं आणि चौथं विकास दहियाचं.

दोन गोलरक्षक

विकास आणि कृष्ण पाठक यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसतो.

लखनौत विकास पहिला गोलरक्षक होता आणि पाठक दुसरा. वरिष्ठ संघात गोलसमोर पी. आर. श्रीजेश उभा होता, रिओत भारताचा कर्णधार, जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक. गोलरक्षकाची जागा एकच असते. आघाडीतला पोरगा दहा मिनिटं खेळून स्वतःला दाखवू शकतो, बचावपटू आज उजवीकडे तर उद्या डावीकडे उभा राहू शकतो. गोलरक्षकाला पुढचा माणूस हटेपर्यंत वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

तो माणूस हटला, आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर. २०१७ च्या अझलन शाह चषकात श्रीजेशचा गुडघा गेला आणि तो बरेच महिने बाहेर बसला. विकाससाठी दार उघडलं होतं. जूनमध्ये लंडनला झालेल्या वर्ल्ड लीगच्या उपांत्य स्पर्धेत आकाश चिकटेबरोबर तोच गेला. भारताची ती स्पर्धा वाईट गेली. मलेशियाकडून हार, कॅनडाकडून हार, शेवटी सहावा क्रमांक. ऑक्टोबरात ढाक्याला आशिया चषक जिंकणाऱ्या संघात गोलरक्षक होते आकाश चिकटे आणि सूरज करकेरा.

हे दोघेही महाराष्ट्राचे, चिकटे यवतमाळचा आणि करकेरा मुंबईचा. लखनौच्या अठरांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता, आणि तेव्हा आपल्याकडे त्याची हळहळही झाली होती. करकेरा वयाने त्या गटात बसत होता, पण त्याची निवड झाली नव्हती. ज्युनिअर विश्वचषक हुकलेला हा मुलगा वर्षाच्या आत वरिष्ठ आशिया चषकाचं सुवर्ण घेऊन आला, आणि २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही होता. ज्युनिअर संघाची यादी लागली आणि आपलं नाव नाही म्हणून स्टिक माळ्यावर टाकणाऱ्या प्रत्येक पोराला ही हकीकत कुणीतरी सांगायला हवी.

२०१८ च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये कृष्ण पाठकने वरिष्ठ संघात पदार्पण केलं. लखनौचा दुसरा गोलरक्षक पहिल्याच्या पुढे निघाला. त्या वर्षाच्या शेवटी भुवनेश्वरच्या विश्वचषकात श्रीजेशबरोबर तोच होता. वीस वर्षांचा होण्याआधी त्याचे आईवडील दोघेही गेले होते. हे मी दयेपोटी लिहीत नाही. राष्ट्रीय शिबिराच्या शिस्तीत वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहणं म्हणजे काय, ते समजायला या माणसाची घडण माहीत असावी म्हणून लिहितो. त्याने श्रीजेशमागे साडेसहा वर्षं काढली. टोकियोत राखीव, पॅरिसमध्ये राखीव. पॅरिसनंतर श्रीजेश निवृत्त झाला आणि सत्तावीस वर्षांचा पाठक भारताचा पहिला गोलरक्षक झाला. राजगीरच्या विजेत्या संघाचा गोल त्यानेच राखला.

विकास पाठकपेक्षा कमी होता का? लखनौच्या त्या रात्री तरी नाही. त्याला संधी मिळाली ती घडी बिघडलेल्या संघात, थोड्या दिवसांसाठी. पाठकला ती मिळाली तेव्हा संघ नव्याने बांधला जात होता आणि श्रीजेश परतल्यावरही दुसऱ्या गोलरक्षकाची जागा रिकामीच होती. विकासला पुन्हा एक पूर्ण मोसम मिळाला असता तर कदाचित ही हकीकत उलटी लिहावी लागली असती. शूटआउटमधल्या दोन बचावांवरून त्याचं पुढचं दशक कुणी सांगायला नको होतं. लंडनच्या एका वाईट स्पर्धेवरूनही नको होतं. भारतीय हॉकीने या दोन्ही गोष्टी सहा महिन्यांच्या अंतराने केल्या.

कप्तान

हरजीत कुरालीजवळच्या गावातला, ट्रकचालकाचा मुलगा. मैदानाच्या मधोमध उभं राहून चेंडू वाटणारा, डोकं थंड ठेवणारा खेळाडू. लखनौनंतर २०१७ च्या अझलन शाह चषकात तो वरिष्ठ संघातून खेळला. २०१८ मध्ये त्याच्या आयुष्यावर पंजाबी चित्रपट आला. त्याच वर्षीची आशियाई स्पर्धा आणि विश्वचषक यांच्या संघांत मात्र त्याचं नाव नव्हतं.

इथे अन्यायाचा मुद्दा काढणाऱ्यांना एक गोष्ट विसरता येणार नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून त्या वर्षाच्या विश्वचषकापर्यंत वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक स्वतः हरेंद्र सिंग होते. लखनौच्या मुलांना त्यांच्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. भुवनेश्वरच्या विश्वचषकासाठी त्यांनी अठरा निवडले, त्यात लखनौचे सात होते: पाठक, हरमनप्रीत, वरुण, नीलकांत, सुमित, मनदीप, सिमरनजीत. आपला कप्तान त्यांनी घेतला नाही. गुरजंतही नव्हता, तो पुढे परत आला. त्यामुळे ‘ओळखणारा नव्हता’ हे कारण टिकत नाही.

मला दिसणारं कारण साधं आहे आणि म्हणूनच जास्त बोचतं. हरजीतच्या जागेवर गर्दी होती. २०१७ मध्ये मधल्या फळीत मनप्रीत, सरदार सिंग, चिंगलेनसाना, उथप्पा असे चार मुरलेले खेळाडू होते. २०१८ च्या सप्टेंबरात सरदार निवृत्त झाला आणि जागा मोकळी झाली, पण तोपर्यंत मागची रांग पुढे आली होती. विवेक सागर प्रसाद त्या जानेवारीत सतराव्या वर्षी वरिष्ठ संघात आला होता. हार्दिक सिंगने त्याच वर्षी पदार्पण केलं. दोघेही लखनौच्या संघात नव्हते. त्या डिसेंबरात हार्दिक अठरा वर्षांचा होता आणि विवेक सोळाचा. पुढे विवेकला आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने उदयोन्मुख खेळाडू म्हणून गौरवलं आणि २०२३ मध्ये हार्दिक जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या दोघांचा वेग पाहिला की समजतं, हरजीतची स्पर्धा कुणाशी होती. एक-दोन वर्षं आधी किंवा नंतर जन्मला असता तर? असा विचार मनात येतोच. लखनौमध्ये त्याने जे केलं ते खरं होतं आणि त्याचा मान त्याला कायम मिळायला हवा. पण ज्युनिअर कर्णधारपद एवढंच सांगतं की या मुलाचं बरोबरीची मुलं ऐकतात. वरिष्ठ संघाला त्याच्या जागेवर माणूस लागणार आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही.

ज्यांना जागा सापडली

हरमनप्रीतकडे पाहताना हाच मुद्दा उलट बाजूने दिसतो. तो ड्रॅगफ्लिक मारतो, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत नेऊन वेगाने गोलकडे फेकतो. पेनल्टी कॉर्नरवर गोल काढणारा माणूस प्रत्येक संघाला लागतो आणि असे मोजकेच मिळतात. हे काम आधी करणारा रघुनाथ २०१७ पासून संघात दिसेनासा झाला आणि त्या वर्षीच्या आशिया चषकाच्या संघात दुसरा ड्रॅगफ्लिकर रुपिंदर पालही नव्हता. रिओत हरमनप्रीत वीस वर्षांचा होता आणि ती स्पर्धा त्याला जड गेली होती. तरी त्याच्या हातातली कला अशी होती की संघ त्याला फार काळ बाहेर ठेवू शकत नव्हता. ढाक्यात भारताचे सर्वाधिक गोल त्याचेच होते. पॅरिसमध्ये कर्णधार म्हणून त्याने दहा गोल केले, स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या २-१ विजयातले दोन्हीही त्याचेच. ज्याच्याकडे दुर्मीळ हत्यार असतं, त्याला चुकायला आणि शिकायला जास्त मुदत मिळते. मुलांना हे लवकर सांगायला हवं, कारण ड्रॅगफ्लिक जन्मजात नसते. रोजच्या सरावानंतर एकट्याने थांबून मारलेल्या हजारो फटक्यांतून ती येते.

सुमितची वाट निराळी. सोनीपत जिल्ह्यातल्या कुराड गावचा हा मुलगा लखनौत अंतिम सामना खेळला तेव्हा विशीचा व्हायला दोन दिवस कमी होते. तो मधल्या फळीतला खेळाडू, म्हणजे हरजीतच्याच गर्दीतला. टोकियोत तो मध्यातच खेळला. पॅरिसला गेला तो बचावपटू म्हणून. आठ वर्षांत नवे प्रशिक्षक आले, नव्या योजना आल्या, आणि संघाला जिथे माणूस कमी पडला तिथे सुमित उभा राहिला. या अठरांतला सगळ्यात कमी बोलला गेलेला आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात शिकण्याजोगा प्रवास हाच. ज्युनिअर प्रशिक्षकांनी सोळाव्या-सतराव्या वर्षीच पोरांना दोन जागांवर खेळवावं असं मी आग्रहाने म्हणतो, त्यामागे सुमितचं उदाहरण आहे.

सिमरनजीतच्या बाबतीत नशिबाचा वाटा मान्य करायलाच हवा. टोकियोसाठी निवडलेल्या मूळ सोळांत तो नव्हता. कोविडमुळे ऑलिंपिक समितीने संघ अठरांचा करायला परवानगी दिली, म्हणून तो आणि वरुण खेळू शकले. कांस्यपदकाच्या सामन्यात भारत १-३ असा मागे पडला होता. भारताचा पहिला गोल सिमरनजीतचा, आणि आघाडी ५-३ वर नेणारा पाचवाही त्याचाच. नियम बदलला नसता तर तो बाहेर बसून सामना पाहत असता आणि आज आपण त्याला ‘ज्युनिअर विश्वचषकानंतर फारसं न जमलेला’ म्हणत असतो. तीच स्टिक, तोच खेळाडू. अंदाज बांधणाऱ्यांनी या एका गोष्टीपाशी जरा वेळ थांबावं.

होबार्टची पिढी

प्रतिभा आणि यश यांच्यामध्ये संघटना नावाची गोष्ट असते, आणि ती किती भारी पडू शकते हे २००१ च्या पिढीने भोगलं आहे. होबार्टच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ६-१ असं हरवणाऱ्या त्या संघात गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, प्रभजोत सिंग, जुगराज सिंग अशी नावं होती. नुसत्या हातातल्या कौशल्यावर बोलायचं तर ती पिढी मला लखनौच्या पिढीपेक्षा सरस वाटते. २००३ च्या सप्टेंबरात जुगराजच्या मोटारीला अपघात झाला आणि भारताचा ड्रॅगफ्लिकर विशीच्या उंबरठ्यावर संपला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला काही आठवडे उरले असताना प्रशिक्षक बदलले गेले. खडकीच्या धनराज पिल्लेचं ते चौथं आणि शेवटचं ऑलिंपिक, भारत सातवा आला. २००८ मध्ये तर सँटियागोत ब्रिटनकडून हरून भारत पहिल्यांदाच ऑलिंपिकला मुकला. त्या मुलांपैकी अनेकजण वरिष्ठ संघात पोचले होते, कित्येक वर्षं खेळलेही. त्या अर्थाने ते यशस्वीच. त्यांना पदकापर्यंत नेणारी चौकट तेव्हा नव्हती.

लखनौच्या मुलांनाही प्रशिक्षकांची उलथापालथ चुकली नाही. ओल्टमन्स २०१७ च्या सप्टेंबरात गेले, मारिने आले, आठ महिन्यांत हरेंद्र आले, २०१९ च्या जानेवारीत तेही गेले. एप्रिलपासून ग्रॅहम रीड आले आणि तिथून टोकियोपर्यंत एकच हात राहिला. पहिल्या दोन वर्षांत ज्यांचा पाय घसरला त्यांना सावरायला कुणी थांबलं नाही. २०१९ पर्यंत जे टिकून राहिले त्यांना दोन वर्षं स्थिर मिळाली.

सात वर्षांची पोकळी

या प्रकरणात सगळ्यात कमी बोलली जाणारी बाब म्हणजे लीग. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली. लखनौच्या मुलांना विश्वविजेते झाल्यावर तिचा एकच मोसम मिळाला, २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला. मग लीग बंद पडली ती थेट २०२४ च्या डिसेंबरात उघडली. म्हणजे एकविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, खेळाडू पिकण्याच्या नेमक्या वर्षांत, देशात व्यावसायिक हॉकीचं दुसरं मैदानच नव्हतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय शिबिरात जो होता त्याला विदेशी संघ, विदेशी प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषण, आहारतज्ज्ञ सगळं मिळालं. शिबिराबाहेर पडला त्याच्यासाठी पेट्रोलियम कंपनी, रेल्वे किंवा पोलिसातली नोकरी आणि त्यांच्या संघातून देशांतर्गत स्पर्धा. नोकरी वाईट नव्हे. ट्रकचालकाच्या घरात ती म्हणजे पिढी बदलणारी गोष्ट असते, आणि नोकरी मिळाल्यावर जिवावर उदार होऊन सराव करत राहायला कारण उरत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्या स्पर्धांत जर्मनीचा बचाव भेटत नाही, ऑस्ट्रेलियाचा वेग भेटत नाही.

हार्दिकसारखा खेळाडू शिबिरात राहून दर महिन्याला सुधारत होता आणि हरजीतसारख्याला स्वतःला पुन्हा सिद्ध करायला व्यासपीठच नव्हतं. पंचविशीत फुलणारे खेळाडू नेदरलँड्समध्ये किंवा जर्मनीत क्लब हॉकीतून परत वर येतात. आपल्याकडे त्या सात वर्षांत एकदा खाली आलेला क्वचितच परत चढला. लखनौच्या उरलेल्या अकरा जणांपैकी दोघंतिघं तरी लीग चालू असती तर पुढे दिसले असते, असं माझं ठाम मत आहे.

नव्या लीगच्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, सगळ्यांत जास्त. आकड्याचा आनंद आहेच. मला त्याहून मोलाची वाटते ती त्या यादीतली खालची नावं, राष्ट्रीय संघातून बाहेर पडलेली सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरं. त्यांना महिनाभर का होईना, ऑलिंपिकपटूंबरोबर एकाच संघात खेळायला मिळतं.

आता पुढची तुकडी

२०२५ च्या डिसेंबरात तमिळनाडूत झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात भारताने अर्जेंटिनाला हरवून कांस्य जिंकलं. प्रशिक्षक होता श्रीजेश. उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमविरुद्ध सामना शूटआउटवर गेला आणि गोलरक्षक प्रिन्सदीप सिंग नायक ठरला. दुसऱ्या दिवशीच ‘श्रीजेशचा वारसदार’ असे मथळे वाचायला मिळाले. मुलगा गुणी आहे यात शंका नाही. पण तेव्हा त्याच्या पुढे पाठक होता, ज्याने त्या जागेसाठी साडेसहा वर्षं मोजली, आणि करकेराही होता.

मला विचाराल तर या मुलांबद्दल ‘कोण चमकेल’ हे आत्ता कुणी सांगू नये. निवड समितीने त्याऐवजी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकपर्यंत, म्हणजे २०२८ पर्यंत, वरिष्ठ संघात कुठल्या जागा मोकळ्या होणार आहेत? या वीस मुलांपैकी कोण दुसऱ्या जागेवर खेळायला शिकू शकेल? आणि जे पहिल्या फेरीत शिबिराबाहेर पडतील, त्यांना पुढची तीन वर्षं कोण पाहत राहणार, कुठल्या संघातून, कुठल्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली? तिसऱ्या प्रश्नाला २०१६ मध्ये कुणाकडेच उत्तर नव्हतं. लीग नियमित चालली आणि तिथल्या कामगिरीवरून शिबिराचं दार पुन्हा उघडायला लागलं, तर या वेळी ते असू शकेल.